फळी, ॲल्युमिनिअम आणि हॉवर्ड हेड

खेडला बर्फ पडतो का? पडतो ना! रोज पहाटे, भरणे नाक्यावर, हर्णैहून येणाऱ्या मासळीच्या टेम्पोतून. तेवढा सोडला तर मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. तरीही संपादक मंडळाने यंदा काय लिहितेस म्हणून विचारलं तेव्हा मी बिनधास्त सांगून टाकलं, की मी स्कीवर लिहिणार. सगळे हसले. कॅन्टीनमध्ये दोन दिवस माझं नाव 'काश्मीर की कली' होतं. असो.

आधीच सांगते, मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ आजीने तपासले आहेत, तेव्हा चुकलं असेल तर दोष निम्मा तिचा.

तर झालं असं. आमचा तिघांचा मिनी-प्रोजेक्ट होता सँडविच बीमचा. वर-खाली पातळ ॲल्युमिनिअमचा पत्रा, मध्ये काहीतरी हलकं, आणि सगळं डिंकाने चिकटवलेलं. पत्रा फुकट होता, कारण बाबांचं स्लायडिंग खिडक्यांचं दुकान आहे आणि तुकडे पोत्याने पडलेले असतात. पहिला पॅनल थर्माकोलचा केला. टेस्टिंग मशीनवर ठेवला, लोड दिला, आणि 'टक्'. दुसऱ्यात प्लायवूड घातलं. तो वाकला बऱ्यापैकी, पण मग पत्रा एका टोकाकडून सालासारखा सुटत गेला. तिसऱ्याचं तर विचारूच नका. सबमिशनला तीन आठवडे उरले होते आणि ग्रुपमधल्या एकाने हळूच सुचवलं की आपण रीडिंग जुळवून टाकू, सगळेच टाकतात. मी त्या वेळी हो म्हटलं नाही, पण नाहीसुद्धा म्हटलं नाही. हे खरं सांगायला हवं.

त्याच आठवड्यात मुंबईहून चुलतभाऊ आला होता. त्याच्या टेनिस रॅकेटवर मोठ्या अक्षरात 'हेड' लिहिलेलं. मला कायम वाटायचं, रॅकेटचं डोकं म्हणून हेड! सँडविच बीमबद्दल शोधाशोध करताना कळलं की हेड हे एका माणसाचं आडनाव आहे, तो इंजिनिअर होता, आणि त्याने आधी रॅकेट नाही तर स्की बनवली. ॲल्युमिनिअमची. सँडविच करून. आणि ती मोडली. मग पुन्हा बनवली, ती पण मोडली. मी पुढे वाचत गेले. रात्रीचे दोन कधी वाजले कळलं नाही.

हॉवर्ड हेड यांचा जन्म 31 जुलै 1914 चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातला. शिक्षण हार्वर्डला. तिथे त्यांना व्हायचं होतं लेखक! पण लिखाणाच्या विषयांत गाडी काही पुढे सरकेना, म्हणून ते इंजिनिअरिंगकडे वळले आणि तिथे मात्र छान गुण मिळाले. 1936 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले, तरी लेखनाचं भूत उतरलं नव्हतं. बातमीपटांसाठी लिहिण्याच्या, वर्तमानपत्राच्या अशा नोकऱ्या धरल्या आणि त्या टिकल्या नाहीत. शेवटी बाल्टिमोरच्या ग्लेन मार्टिन या विमान कंपनीत रिव्हेट मारायच्या कामावर लागले. हार्वर्डचा पदवीधर आणि काम रिव्हेट ठोकायचं! आमच्या लोट्याच्या एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागणाऱ्या सिनियर्सना हे वाचून बरं वाटेल. पुढे तिथेच ते इंजिनिअर झाले. दुसरं महायुद्ध चालू होतं, मार्टिनमध्ये बी-26 बॉम्बर विमानं बनत होती, आणि विमानाच्या कारखान्यात एकच मंत्र चालतो : वजन कमी, ताकद तेवढीच. पातळ धातू, मध्ये हलका गाभा, चिकटवायला नवे डिंक, हे सगळं त्यांच्या हाताखालून जात होतं.

इथून पुढे मी त्यांना एकेरीच म्हणणार आहे. इतक्या वेळा एखाद्याचं तुटलेलं काम वाचल्यावर अहो-जाहो जमत नाही.

1946-47 च्या हिवाळ्यात हॉवर्ड पहिल्यांदा स्कीइंगला गेला, व्हरमाँट राज्यातल्या स्टो या गावी. उंच, जरा लाजाळू गडी, वय बत्तीस. दिवसभर सपाटून आपटला. बाकीचे लोक म्हणाले असते की आपल्याला जमत नाही. हा म्हणाला, स्की वाईट आहे! परतीच्या प्रवासात त्याने मित्रांना सांगून टाकलं की विमानाच्या मालातून याच्यापेक्षा चांगली स्की बनवता येईल. नाचता येईना अंगण वाकडं, असं आजी म्हणेल. पण इथे अंगण खरंच वाकडं होतं. कसं, ते सांगते.

त्या वेळची स्की हिकरी नावाच्या कठीण लाकडाची असायची. लांबीचा नियम असा, की हात वर केला की टोक मनगटापर्यंत यायला हवं. म्हणजे उंच माणसाला दोन मीटरपेक्षाही लांब. लाकूड जड. शिवाय पाणी पिणार, वाकणार, पीळ खाणार. दुकानात जाऊन लोक एकेक स्की हातात घेऊन रेषा बघायचे, वाकवून बघायचे, जोडीतल्या दोन्ही सारख्या वाकतात का ते तपासायचे. आपण क्रिकेटची बॅट घेताना ग्रेन्स मोजतो तसंच. एका झाडाची फळी दुसऱ्यासारखी नसते, त्यामुळे तुमच्यासाठी योग्य स्की कोणती हा निम्मा नशिबाचा खेळ होता.

आता जरा थांबून स्की म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या आजोबांची शेती होती. नांगरणी झाली, चिखल झाला, की लावणीच्या आधी चिखल सपाट करायला बैलांमागे फळी फिरवतात. तिच्यावर वजन म्हणून माणूस उभा राहतो. लहानपणी मला उभं करायचे. मी हलकी, त्यामुळे फळी चिखलावर तरंगल्यासारखी सरसर जायची. काका उभे राहिले की तीच फळी रुतायची. आजोबांच्या फळीची पुढची कड थोडी वर उचललेली होती. नसती तर ती चिखलात नाक खुपसून बसली असती आणि वरचा माणूस बैलांच्या शेपटीला! वजन भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब, हे मी फिजिक्सच्या पुस्तकात वाचायच्या आधी त्या फळीवर शिकले होते, फक्त मला ते माहीत नव्हतं.

स्की म्हणजे तीच फळी, दोन पायांना दोन. ताज्या पडलेल्या, पिठासारख्या भुसभुशीत बर्फात तिला तरंगायचं असतं. तिथे रुंद आणि मऊ स्की हवी, टोक सहज वर वाकणारी. पण तोच बर्फ दिवसभर दाबला गेला, रात्री गोठला, की काचेसारखा कडक होतो. तिथे तरंगण्याचा प्रश्नच नाही, तिथे कड रुतवायची असते. सुरी जशी. कड रुतवताना स्की लांबीत वाकली पाहिजे, म्हणजे ती कमानीसारखी होऊन वळण घेईल, पण पिळता कामा नये. पिळली की टोक आणि शेपूट बर्फावरून सुटतात आणि माणूस घसरत खाली. वाकण्यात मऊ, पिळण्यात कडक. लाकडाच्या एकसंध फळीकडून हे दोन्ही मिळवणं फार अवघड, आणि हॉवर्ड दिवसभर आपटला त्याचं निम्मं कारण हेच. उरलेलं निम्मं अर्थात त्याचं स्वतःचं होतं!

त्याच्याकडे भांडवल म्हणजे पोकरमध्ये जिंकलेले सहा हजार डॉलर. पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा श्रीमंत भाऊ. हे पैसे त्याने घरात पुस्तकांच्या कपाटामागे लपवून ठेवले होते. (आमच्याकडे डाळीच्या डब्यात ठेवतात.) नोकरी सोडली, बाल्टिमोरच्या एका गल्लीत वर्कशॉप घेतलं आणि काम सुरू.

पहिलं डिझाइन आमच्या पहिल्या पॅनलचा थोरला भाऊच म्हणा. वर-खाली ॲल्युमिनिअम, कडेला प्लायवूडच्या पट्ट्या, मध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखा हलका गाभा. सँडविचचं गणित सगळ्यांना माहीत आहे, पण ज्यांनी एसओएमचा तो तास बंक केला त्यांच्यासाठी सांगते. पट्टीची जाडी दुप्पट केली की ती आठपट ताठ होते. म्हणून ताकदवान पत्रे एकमेकांपासून दूर ठेवायचे आणि मध्ये हलकं काहीतरी भरायचं. वजन वाढत नाही, ताठपणा वाढतो. फक्त एक अट आहे. बीम वाकताना वरचा पत्रा दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि त्यामुळे दोघं एकमेकांवरून सरकायला बघतात. ते सरकणं अडवायचं काम डिंकाचं आणि गाभ्याचं. डिंक सुटला तर सँडविच संपलं, उरले दोन पातळ पत्रे. आमचा दुसरा पॅनल असाच मेला.

डिंक नीट धरायला दाब हवा आणि उष्णता हवी. हॉवर्डकडे मोठा प्रेस घ्यायला पैसे नव्हते. मग त्याने काय केलं, तर स्की रबराच्या पिशवीत घातली, पिशवीतली हवा पंपाने काढून घेतली आणि ती पिशवी गाडीच्या इंजिनातल्या जुन्या, जळक्या, कढत तेलाच्या टाकीत बुडवली! हवा काढली की बाहेरचं वातावरणच तुमचा प्रेस होतं. दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो, सगळीकडून सारखा, आणि फुकट. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. का, ते शेवटी सांगते.

अशा सहा जोड्या तयार झाल्या. लाकडी स्कीपेक्षा खूपच हलक्या. 1947 च्या नाताळात तो त्या घेऊन पुन्हा स्टोला गेला आणि तिथल्या स्की शिकवणाऱ्या मास्तरांच्या हातात दिल्या. एकाने टोक बर्फात रोवलं, जरा वाकवून बघितलं आणि स्की मोडली. दुसरी, तिसरी... सहाच्या सहा जोड्या खलास. सगळ्यांसमोर.

या ठिकाणी गोष्ट संपायला हरकत नव्हती. त्या काळात धातूची स्की करून बघणारा तो एकटा नव्हताच. युद्ध संपलं होतं, विमान कारखान्यांमध्ये माल आणि इंजिनिअर दोन्ही रिकामे होते, आणि दुसऱ्या एका विमान कंपनीच्या लोकांनी तर धातूची स्की बाजारात आणलीसुद्धा होती. पण त्या प्रयत्नांनी जग बदललं नाही.

हॉवर्ड घरी आला आणि नवीन जोडी बनवली. मास्तरांकडे पाठवली. मोडून परत आली. कुठून मोडली ते बघितलं, तिथे बदल केला, पुन्हा पाठवली. पुन्हा मोडकी परत. असे तीन हिवाळे! साधारण चाळीस वेगवेगळी रूपं झाली. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो स्वतः स्कीइंगमध्ये काही मोठा तज्ज्ञ नव्हता. त्यामुळे त्याला दुसऱ्यांवर अवलंबून राहावं लागलं, आणि ज्यांना त्याने निवडलं ते त्याचे मित्र नव्हते, जे स्की मुद्दाम मोडून बघतील असे लोक होते. प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन आपण नेहमी कोणापुढे आधी करून बघतो? जो छान छान म्हणेल त्याच्यापुढे. असो, हे जरा लागलं मला.

मोडण्यातून तीन गोष्टी निघाल्या. एक, पोळ्यासारखा गाभा स्कीला पुरेसा नाही. विमानाच्या भिंतीला कोणी दगडावर आपटत नाही, स्कीला आपटतात. तिथे प्लायवूडचा गाभा आला आणि वजन वाढलं. हलकी स्की म्हणून जे स्वप्न सुरू झालं होतं त्यातला हलकेपणा बराचसा सोडून द्यावा लागला, आणि त्याने तो सोडला. मला वाटतं, हे त्याला सगळ्यात अवघड गेलं असणार. दोन, ॲल्युमिनिअमची कड कडक बर्फावर लगेच बोथट होते. मग पोलादी कड आली, पण लाकडी स्कीसारखी तुकड्या-तुकड्यांनी स्क्रूने ठोकलेली नाही, तर सँडविचमध्येच चिकटवलेली. आता पोलाद आणि ॲल्युमिनिअम थंडीत सारखे आकसत नाहीत, म्हणजे ताण पुन्हा डिंकावरच! तीन, ओला बर्फ ॲल्युमिनिअमच्या तळाला चिकटून बसायचा. म्हणून खाली प्लास्टिकचा थर आला. बघा, यातली एकही गोष्ट ड्रॉइंग बोर्डवर बसून त्याला दिसली नव्हती.

1950 च्या वसंतात, माउंट वॉशिंग्टनच्या टकरमन रॅव्हिन या भयानक उताराच्या घळीत, क्लिफ टेलर नावाच्या मास्तराने नवी जोडी घालून उडी घेतली. वळला, पुन्हा वळला, खाली आला. स्की शाबूत. हॉवर्ड खाली उभा राहून बघत होता. तीन हिवाळ्यांनंतर पहिल्यांदा काही न मोडता परत आलं होतं.

या स्कीचं नाव त्याने ठेवलं 'स्टँडर्ड'. काळी कुळकुळीत, वर पांढऱ्या अक्षरात नाव, बाकी नक्षी काही नाही. किंमत 85 डॉलर, त्या काळी चिकार. पहिल्या हंगामात 300 जोड्या खपल्या. पण जो घालेल तो सहज वळायला लागला. ज्यांना दोन-दोन हिवाळे घासून वळण जमत नव्हतं ते दोन दिवसांत वळू लागले. जुन्या खोडांनी चिडून या स्कीला फसवी स्की म्हणायला सुरुवात केली. कॅल्क्युलेटर आल्यावर लॉग टेबलवाले सर जसे चिडले असतील तसे! हॉवर्डचा धंदा त्या शिव्यांनीच वाढला असेल. पुढे साठच्या दशकात वर्षाला लाखांवर जोड्या जाऊ लागल्या आणि अमेरिकेत सगळ्यात जास्त नाव त्याचंच झालं.

पण मला खरी मजा वाटली ती पुढच्या भागाची. धातूमुळे एक नवीनच गोष्ट शक्य झाली. लाकडाची जोडी दुसऱ्या जोडीसारखी नसायची, पत्र्याची मात्र हुबेहूब तशीच. म्हणजे आता ठरवून मऊ, ठरवून कडक अशी स्की करता येणार. आणि लगेच लक्षात आलं की एकच 'स्टँडर्ड' सगळ्यांना पुरत नाही. शर्यतीतले खेळाडू तक्रार करायला लागले की वेगात ही स्की कडकडते, थरथरते आणि कडक बर्फावर पकड सोडते. साध्या माणसाला जी मऊ म्हणून आवडली तीच यांना नकोशी झाली. त्याचं उत्तर हॉवर्डने थरांमध्येच शोधलं, रबराचा एक थर घातला. रबर थरथर गिळतं. मोटरसायकलच्या इंजिनखालचे रबरी बुश आठवा. अशी 'कॉम्पिटिशन' स्की आली. भुसभुशीत बर्फासाठी मऊ अशी वेगळी 'डीप पावडर' आली. बरं चालवणाऱ्यांसाठी 'मास्टर', आणखी एक 'व्हेक्टर'. एकाच कारखान्यात, माणूस कोण आणि बर्फ कोणता, या दोन प्रश्नांवरून वेगवेगळी स्की.

आमच्या कॉलेजचा एक सिनियर उत्तराखंडात औलीला बेसिक कोर्स करून आला. तो सहा फूट उंच, म्हणून त्याला वाटलं आपल्याला सगळ्यात लांब स्की मिळणार. तिथल्या उस्तादाने त्याच्या उंचीकडे बघितलं, वजन विचारलं, याआधी किती वेळा केलंय ते विचारलं, आणि हनुवटीपर्यंत येणारी स्की हातात दिली. हा दिवसभर फुगून बसला. तिसऱ्या दिवशी हट्ट करून लांब स्की घेतली आणि गावभर लोळला. नवशिक्याला आखूड आणि मऊ, कारण ती कमी वेगातही वळते आणि चुका माफ करते. जड माणसाला जरा कडक, नाहीतर त्याच्या वजनाने ती आधीच वाकून बसेल. वेगात जाणाऱ्याला लांब, कारण लांब स्की वेगात स्थिर राहते. आणि बर्फ घट्ट दाबलेला असेल तर मधे बारीक, खोल असेल तर मधे रुंद. सगळ्यात गंमत म्हणजे स्की मधे बारीक आणि टोकांना रुंद का, याचा शोध कोणा इंजिनिअरचा नाही. नॉर्वेतल्या मॉर्गेडालचा सोंड्रे नॉरहाइम नावाचा गरीब शेतमजूर एकोणिसाव्या शतकात तशा कमरेच्या स्की वापरत होता. 1868 मध्ये चाळिशी ओलांडलेला हा माणूस राजधानीपर्यंत दोनशेच्या आसपास किलोमीटर स्कीवर गेला आणि तिथली स्पर्धा जिंकून आला. त्याची कंबर आणखी बारीक करून 1993 मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने आजची वळणदार स्की बाजारात आणली आणि लांब स्कींची सद्दी संपली.

हॉवर्डकडे परत येते. त्याची एक चूक सांगायलाच हवी, नाहीतर हे चरित्र न होता जाहिरात होईल. साठच्या दशकात युरोपातले लोक फायबरग्लासची स्की करायला लागले. फायबर घालताना कोणत्या दिशेने किती ताठ करायचं ते ठरवता येतं. पण हॉवर्डचा जीव धातूत अडकलेला. ज्या माणसाने लाकूडवाल्यांना अडाणी ठरवलं, तोच आता फायबरवाल्यांकडे संशयाने बघत राहिला आणि उशीर झाला. 1969 मध्ये त्याने कंपनी एएमएफ या मोठ्या उद्योगाला सुमारे 160 लाख डॉलरना विकून टाकली. हेड हे नाव स्कीवर आणि रॅकेटवर आजही आहे, पण माणूस तेव्हाच बाहेर पडला होता.

मग निवृत्त होऊन टेनिस शिकायला लागला. आणि काय सांगू, तेही जमेना! पुन्हा तीच गोष्ट. सराव करायला चेंडू फेकणारं मशीन घेतलं, ते आवडलं नाही, म्हणून ते बनवणाऱ्या प्रिन्स कंपनीत शिरला आणि मशीन सुधारलं. तरीही फटका बसेना. चेंडू मधोमध लागला नाही की रॅकेट हातात पिळायची. पिळणं! वीस वर्षांपूर्वी स्कीत भेटलेला जुना शत्रू. रॅकेटला कडेला वजन लावून बघितलं, मग साध्या मोमेंट ऑफ इनर्शियाच्या सूत्राकडे गेला. अक्षापासूनचं अंतर वर्गात येतं, म्हणजे वजन वाढवण्यापेक्षा रुंदी वाढवणं स्वस्त. नेहमीच्या रॅकेटचं डोकं सत्तर चौरस इंचांच्या आसपास होतं, त्याने ते 110 केलं. टेनिसच्या नियमात तेव्हा रॅकेटच्या आकारावर बंधनच नव्हतं, कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं एवढंच. 1976 मध्ये पेटंट मिळालं. पुन्हा लोक हसले, ही म्हाताऱ्यांची रॅकेट म्हणाले. 1978 मध्ये सोळा वर्षांची पॅम श्रायव्हर ती रॅकेट घेऊन यूएस ओपनच्या फायनलला पोचली, मग हसणं बंद झालं.

3 मार्च 1991 ला बाल्टिमोरमध्ये तो गेला. त्याचे कागदपत्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात ठेवले आहेत. जो माणूस दोन्ही खेळांत सामान्य होता त्याने दोन्ही खेळ बदलले.

आता आमच्या प्रोजेक्टचं. हॉवर्डच्या तेलाच्या टाकीचं वाचून मी उठले होते ते आईच्या कपाटाकडे. रजया ठेवायच्या त्या प्लास्टिकच्या व्हॅक्यूम बॅगा असतात ना, एक ढापली. चौथा पॅनल 60 बाय 6 सेंटिमीटरचा, म्हणजे 360 चौरस सेंटिमीटर. पूर्ण पोकळी झाली तर साडेतीनशे किलोचा दाब. शेजाऱ्यांचा व्हॅक्यूम क्लीनर तेवढं काही करणार नाही, पण पाचवा हिस्सा धरला तरी सत्तर किलो, आणि तोही सगळीकडून सारखा. याआधी आम्ही पॅनलवर आजीचा पाटा ठेवत होतो, त्याने मधे डिंक दाबला जायचा आणि टोकं उघडी राहायची. दुसरा पॅनल टोकाकडूनच का सुटला, याचं उत्तर हे होतं आणि आम्ही ते बघितलंच नव्हतं, कारण तुटलेले पॅनल आम्ही सरळ भंगारात टाकले होते.

ते मी बाबांच्या पोत्यातून परत शोधून आणले. तीनही. पत्रा पॉलिश पेपरने न घासता चिकटवला होता, त्यावर डिंकाचा कणही उरलेला नाही, अगदी आरसा. रीडिंग जुळवू म्हणणाऱ्याला मी ते तुकडे दाखवले. तो बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला की रिपोर्टमध्ये यांचे फोटो टाकू. तिन्ही खऱ्या रीडिंगसकट.

चौथा पॅनल आत्ता आमच्या ओटीवर बॅगेत आहे. बॅग कुठेतरी बारीक गळते, म्हणून दर अर्ध्या तासाने क्लीनर लावावा लागतो, आणि आजी विचारते की रात्रभर हे काय घरघर चाललंय. परवा मशीनवर जाईल.